सावलीतला पूल

राष्ट्राची उभारणी मातीतून होते, असं मी असंख्य भाषणांत ऐकलं आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. सरकारी कामं घेणाऱ्या कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर मी त्यात एवढीच भर घालू शकतो की ती माती बाहेरून आणावी लागते. आमच्याकडे ती मनोहर ठवकर आणायचे.

ठवकर भाऊंचं कागदावरचं पद 'साइट समन्वयक' होतं. पण साइटवर काम सुरू झालं की ते तिथे कधी दिसले नाहीत. काम सुरू होण्याच्या आधी भूमिपूजन असतं आणि संपल्यावर लोकार्पण. या दोन दिवसांवर त्यांचं राज्य होतं. मधला भाग, म्हणजे खोदणं, सळया बांधणं, काँक्रीट ओतणं, हा त्यांना थोडा कनिष्ठ दर्जाचा वाटायचा. "ते कोणीबी करते," असं ते म्हणत, आणि आमची कामं पाहिलेल्या कोणालाही ते पटलं असतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. 'काम चालू आहे, तसदीबद्दल क्षमस्व' अशा पाटीखाली ते तुम्ही वाचलं असेल आणि बहुधा त्यावर काही बोललाही असाल. ऑफिस नागपूरच्या लकडगंजात, एका आरा मशीनच्या वर. मालकांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही धाकटे साहेब म्हणायचो, दर सोमवारी मीटिंग घेत. त्यांनी 'गुणवत्ता' हा शब्द उच्चारायला आणि खाली सागवानाच्या ओंडक्यात करवत शिरायला कसं कोण जाणे, एकच मुहूर्त लागायचा. त्यामुळे कंपनीचं गुणवत्तेबद्दलचं धोरण मला आजही नीट माहीत नाही.

मी निविदा विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि खिडकीतून येणारा लाकडाचा भुसा. निविदेत कुठल्या कुठल्या तज्ज्ञांची मागणी असे, आणि ते सगळे तज्ज्ञ धाकटे साहेब आमच्यातूनच निर्माण करीत. आमचा ड्रायव्हर काही काळ सुरक्षा अधिकारी होता. ठवकर भाऊ कधी पर्यावरण सल्लागार असत, तर कधी वाहतूक नियोजक. एका निविदेत साहेबांनी त्यांना मृदा तज्ज्ञ केलं, तेव्हा ते मला विचारायला आले.

"मृदा म्हंजे काय गा?"

"माती."

"असं. मंग हे तं खरंच आहे," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच सही करताना त्यांचा हात मोकळा चालला.

मातीचा इतिहास मी कंपनीत येण्यापूर्वीचा. पाण्याच्या एका टाकीचं भूमिपूजन होतं. जमीन कडक मुरुमाची. प्रमुख पाहुण्यांनी कुदळ उचलली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि घाव घातला. कुदळ ठिणगी टाकून परत आली. दुखापत काही झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी पेपरात पाहुणे एका पायावर उभे असलेला फोटो आला आणि त्या पाहुण्यांच्या खात्यात आमच्या माणसांना बरेच महिने कोणी खुर्ची दिली नाही. तेव्हा ठवकर भाऊ मंडपवाल्यांवर देखरेख करायचे. त्यांनी मोठ्या साहेबांना, म्हणजे मालकांना, सांगितलं, "जमीन आपली नाही तं नाही, माती तं आपली आणता येते."

तेव्हापासून भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी ड्रिल मशीनने थाळीएवढा खड्डा पडायचा. त्यात नर्सरीतून आणलेली, चाळलेली, किंचित ओली काळी माती भरायची. वरून त्याच जागेचा कोरडा फुफाटा असा थापायचा की जमीन जन्मापासून तशीच असावी. "कुदळ अशी गेली पाहिजे," ठवकर भाऊ हात कोपरापासून खाली सोडून दाखवत, "का पाहुण्याले वाटलं पाहिजे, अजून आपल्या अंगात जोर आहे." आणि पाहुण्यांना तसं वाटायचंच. एका वयस्कर पाहुण्यांनी तर एकाच कार्यक्रमात तीनदा कुदळ मारली आणि चौथ्यांदा मारू द्या म्हणून हट्ट धरला.

कार्यक्रम चांगला झाला की नाही, हे ठरवण्याचं त्यांचं एकच माप होतं. पाहुण्यांचा रुमाल. नागपूरच्या उन्हात पाहुणा गाडीतून उतरल्यापासून पुन्हा गाडीत बसेपर्यंत रुमाल खिशातून निघाला नाही, तर कार्यक्रम उत्तम. एकदा निघाला तर बरा. मान पुसायला निघाला तर ठवकर भाऊ दोन दिवस कोणाशी बोलत नसत. म्हणून जागा बघायला गेले की ते जमिनीकडे बघतच नसत, आधी वर बघत. झाड कुठे आहे, दुपारी सावली कुठे पडेल, गाडी थेट सावलीत येऊन वळेल का. काम जिथे व्हायचं असेल ती जागा उन्हात असली तर मंडप सरळ झाडाखाली. "भूमिपूजन कुठंबी होऊ द्या," ते म्हणत, "काम नकाशात आहे तिथंच होते." आमची बरीच कामं नकाशातच होत असल्यामुळे याबद्दल कधी तक्रार आली नाही.

नारळाचीही त्यांची पद्धत होती. शेंडी न काढता बाहेरून दिसणार नाही अशी एक चीर ते करवतीने देऊन ठेवत, म्हणजे एका फटक्यात नारळ फुटे. जरीपटका वस्तीतल्या एका नालीच्या कामाला ही चीर जरा खोल गेली. पाहुण्यांनी नारळ दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, आणि तो तिथेच फुटला. पाणी चष्म्यावरून कुर्त्यावर. ठवकर भाऊंनी सूत्रसंचालकाच्या हातून माईक घेतला आणि घोषणा केली की पाहुण्यांचा नुसता स्पर्श होताच श्रीफळ प्रसन्न झालं आहे. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी ते खरं मानलं आणि पुढच्या गावी दगडावर एक साधा नारळ पाच-सहा वेळा आपटून पाहिला, असं ऐकतो. तिथलं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं.

पण त्यांची खरी दूरदृष्टी कोनशिलेत होती. कोनशिला म्हणजे तो ग्रॅनाइटचा काळा दगड, ज्यावर कामाचं नाव बारीक आणि माणसांची नावं मोठी असतात. बाकीचे कंत्राटदार एका बाजूने घासलेला दगड घेत. ठवकर भाऊ दोन्ही बाजूंनी घासलेलाच घेत. मी एकदा विचारलं, "मागची बाजू कोण पाहतो?"

"आज कोणी नाही पाहत," ते म्हणाले. "सरकार पडलं का मंग पाहतेत."

एका रस्त्याची कोनशिला त्यांनी अशी उलटवलेली मी स्वतः पाहिली आहे. नवे पाहुणे, नवी नावं, तोच दगड, तोच रस्ता. म्हणजे रस्त्याची तीच जागा. माती मात्र ते प्रत्येक वेळी ताजी आणत. त्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

ठवकर भाऊ राहायचे शहराच्या उत्तर टोकाला, नाल्यापलीकडच्या एका लेआउटमध्ये. प्लॉट घेताना विकणाऱ्याने नाल्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं की इथे लवकरच पूल होणार आहे. तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही तसंच सांगून कोणीतरी जमीन विकली होती. पूल नसल्यामुळे मेन रोडला यायचं तर रेल्वे लाइनपर्यंत मोठा वळसा. त्या वाटेने ऑटोवाले यायला तयार नसत. शोभाताई, म्हणजे ठवकर भाऊंच्या पत्नी, घरी ब्लाउज शिवत. गांधीबागेच्या कापड बाजारातून अस्तर आणायचं, नाल्याअलीकडच्या वस्तीत घरोघर जाऊन मापं घ्यायची, कपडे पोचवायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा जम होता. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण वळसा चालण्यासारखा तो राहिला नाही. गिऱ्हाइकं नाल्याच्या अलीकडे, मशीन पलीकडे. एका दिवाळीला मी फराळाला गेलो होतो तेव्हा मशीनवर कापड झाकलेलं होतं आणि त्या कापडावर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स ठेवलेला होता.

"तुमचे भाऊ साऱ्या जिल्ह्याचे पूल उद्घाटन करतेत," शोभाताई मला चिवडा वाढत म्हणाल्या. "घरच्या पुलाले तेवढा मुहूर्त नाही लागत."

"लागन वं," ठवकर भाऊ म्हणाले. "मंजुरीत आहे."

"मंजुरीत तं माह्या लग्नापासून आहे."

त्यानंतरच्या वर्षी तो पूल खरंच मंजूर झाला आणि त्याची निविदा आमच्याच कंपनीला मिळाली. त्या दिवशी ठवकर भाऊ माझ्या खोलीत आले, दार लावलं, आणि नकाशा मागितला. इतक्या वर्षांत त्यांनी नकाशा मागितलेला मी पाहिला नव्हता. मी टेबलावर पसरला. ते बराच वेळ तो उलटा पाहत होते. मग मी तो फिरवला आणि त्यांना नाला दाखवला, मेन रोड दाखवला, आणि नाल्यावरच्या दोन समांतर रेघा दाखवल्या. त्या रेघा त्यांच्या गल्लीच्या बरोबर तोंडाशी उतरत होत्या.

"इथंच?"

"इथंच."

"मंग शोभाचे गिऱ्हाइक पायी येतीन," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा त्या रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "मशीनले तेल द्यायले सांगतो."

भूमिपूजन मे महिन्यात निघालं, आणि वेळ दुपारची. ठवकर भाऊ जागा बघायला गेले. गल्लीच्या समोरचा मेन रोडकडचा काठ म्हणजे नुसतं ऊन. उतार, गोटे, बाभळीची दोन झुडपं, आणि डुकरं. तिथून नाल्याच्या कडेने थोडं वर गेलं की मोठा डेरेदार कडुनिंब, खाली सपाट जागा, गाडी वळायला प्रशस्त. ते घरचं काम होतं, त्यामुळे ते अधिकच चोख व्हायला हवं होतं. मंडप कडुनिंबाखाली पडला. माती आली. कोनशिला तिथेच सिमेंटमध्ये बसवली, दोन्ही बाजूंनी घासलेली. कुदळ लोण्यात जावी तशी गेली. रुमाल निघाला नाही. ठवकर भाऊ त्या संध्याकाळी ऑफिसात आले आणि सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

त्याच सुमारास खात्यात एक सुधारणा झाली होती. कुठेतरी कोनशिला आहे आणि काम नाही, अशी ओरड झाल्यामुळे नवा नियम आला. भूमिपूजनाचा फोटो एका ॲपमधून काढायचा, त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप छापले जातात. पुढच्या कामाचे सगळे फोटोही त्याच जागेचे हवेत. जागा जुळली नाही तर काम झालंच नाही असं समजायचं. नियम चांगला होता. ठवकर भाऊंनी हौसेने ॲप उतरवून घेतलं आणि कडुनिंबाखालचा फोटो स्वतःच्या हाताने काढून पाठवला. त्यात कोनशिला स्पष्ट दिसत होती, पाहुणे हसत होते, आणि कोपऱ्यात जागेचे आकडे होते.

खोदकामाचे फोटो गेले आणि परत आले. जागा जुळत नाही.

मग खात्याचे अभियंते पाहणीला आले. थकलेले, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. धाकटे साहेब, ठवकर भाऊ आणि फाइल घेऊन मी, असे आम्ही कडुनिंबाखाली उभे होतो.

"दोन गोष्टी आहेत," अभियंते म्हणाले. "एक तर दगड पुलापाशी न्या. नाही तं पूल दगडापाशी आणा."

"दगड नेऊ ना साहेब," ठवकर भाऊ लगेच म्हणाले. "मी नेतो. आजच नेतो."

"त्याच्यावर कोणाचं नाव आहे, ठवकरजी?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

ठवकर भाऊंनी दगडाकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. आम्हाला हे शिकवलं त्यांनीच होतं. बसवलेली कोनशिला काढायची नाही, नाव असलेल्या दगडाला पहार लागलेली कोणी पाहायची नाही, आणि कोणी फोटो काढला तर नोकरी विसरायची.

"दगड काढाले मले मुंबईहून परवानगी लागते," अभियंते म्हणाले. "ते विचारतीन, काहून काढला? मी काय सांगू, पाहुण्याले ऊन लागत होतं? पूल हलवायचा असला तं माही सही पुरते. पुलावर कोणाचं नाव नाही."

"पण साहेब, इथून पलीकडं कुठं जाते पूल? पलीकडं तं बंद गोदामाची भिंत आहे."

अभियंत्यांनी नाल्यापलीकडे पाहिलं. खरोखरच भिंत होती, लांबलचक, वर काचा लावलेली, आणि ती थेट पाण्याला भिडलेली.

"भिंत मजबूत दिसते," ते म्हणाले. "पुलाले धोका नाही."

ठवकर भाऊंनी पुढचे काही महिने जे केलं ते त्यांच्या स्वभावाविरुद्ध होतं. ते काम सुरू असताना कामाच्या मागे लागले. धाकट्या साहेबांना भेटले, मग घरी जाऊन मोठ्या साहेबांना भेटले. मोठे साहेब म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस असं करते? तिथं झाड नव्हतं तं मंडपाले कूलर लावता आले असते." हे ठवकर भाऊंना सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी गोदामाचा मालक शोधला. तो रायपूरला होता आणि त्याची भावाशी केस चालू होती. शेवटी त्यांची सगळी आशा सरकारवर होती. ते सकाळी ऑफिसात आले की आधी पेपर उघडत. सरकार पडलं असतं तर दगड काढून उलटवता आला असता, आणि काढलेला दगड कुठेही बसवता येतो.

"काही हालचाल?" ते मला विचारत.

"काही नाही."

"इतके दिवस तं कधी टिकत नाहीत," ते म्हणत.

त्या वर्षी सरकार पडलं नाही. पूल मात्र वेळेत पूर्ण झाला. खात्याच्या आणि कंपनीच्या इतिहासात हे क्वचितच घडलं असेल. समोर नुसती भिंत असल्यामुळे कामात अडथळा आणायला कोणीच नव्हतं.

लोकार्पण ठवकर भाऊ करणार नाहीत, असं ऑफिसात सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी केलं. जाजम सरळ होतं, फीत ताणलेली होती, कात्रीला धार होती. पाहुणे फीत कापून पुलावर चालत जातील आणि समोर भिंत येईल, ही अडचण होती. ठवकर भाऊंनी त्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत फ्लेक्स लावला. त्यावर पाहुण्यांचा फोटो इतका मोठा होता की त्यांच्या मिशीमागे एक अख्खा ट्रक उभा करता आला असता. पाहुणे स्वतःच्या चेहऱ्याच्या दिशेने प्रसन्नपणे चालत गेले, मध्यावर थांबले, हात हलवला आणि परत फिरले. रुमाल निघाला नाही.

शोभाताई आल्या होत्या. वळसा घालून, ऑटोवाल्याला दुप्पट भाडं देऊन. मागच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसल्या होत्या. पाहुणे गेले, मंडपवाल्यांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली, तेव्हा ठवकर भाऊ त्यांच्याजवळ गेले. मी शेजारीच फाइलींची पिशवी बांधत होतो.

"कसा झाला वं पूल?"

"चांगला झाला," शोभाताई म्हणाल्या. "मले कुठं नेते?"

ठवकर भाऊंनी हात पुढे केला. त्या उठल्या आणि दोघं पुलावर चढले. त्या गुडघ्याला जपत, कठड्याला धरून, आणि ते जाजमाच्या बाहेरून, कारण जाजम भाड्याचं होतं. मधे दोनदा थांबले. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर ठवकर भाऊंनी फ्लेक्सचा खालचा कोपरा धरून वर उचलला, पाहुण्यांची हनुवटी दुमडली, आणि शोभाताईंनी वाकून आतली भिंत पाहिली. हात लावूनही पाहिला.

"आपलं घर दिसते का इथून?" त्यांनी विचारलं.

"भिंत नसती तं दिसलं असतं."

"मंग चला. ऑटोवाला थांबाचे पैसे मागन."

ठवकर भाऊंनी कोपरा पुन्हा नीट खाली सोडला, सुरकुती हाताने सारखी केली, आणि दोघं आले तसे परत गेले. त्या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

पुलाच्या देखभालीची जबाबदारी ठरलेल्या मुदतीपर्यंत कंपनीवर होती. त्या काळात त्याला एकही खड्डा पडला नाही, कठडा तुटला नाही आणि एकाही नागरिकाची तक्रार आली नाही. खात्याने आम्हाला उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र दिलं, आणि त्याच्या आधारावर कंपनी आता उड्डाणपुलाच्या निविदा भरू शकते.